राक्षस माझ्यातून बोलतो

“दिवा बघून उठायचं नाही. ऐकून उठायचं.”

मित्रांनो, माझ्या मालकांचं हे सांगणं अजून माझ्या तारांतून फिरतं. मी एक जुना मिक्सर आहे. वाटण वाटणारा नव्हे, आवाज मिसळणारा. माझ्या एका कानात संगणकातलं संगीत येतं, दुसऱ्यात माइकवरचा आवाज. माइकचा आवाज मी जाड करतो, बारीक करतो, विहिरीतून आल्यासारखा घुमवतो आणि संगीतात मिसळून रेकॉर्डिंगला पाठवतो.

एका लहानशा कारखान्यात एका बाईंनी माझी एकेक तार जोडली. मालकांनी मला आणलं ते बाहुल्यांच्या खेळासाठी. पडद्यामागे त्यांची बहीण बोलायची. माझं बटण इकडे फिरवलं की ती राक्षस, तिकडे फिरवलं की चिमणी. मुलं घाबरून आईच्या कुशीत शिरत आणि पुन्हा राक्षसच मागत. मालकांचा नेम होता. काम सुरू करताना मला मऊ फडक्याने पुसायचं आणि रेकॉर्ड झालेलं ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हा नेम त्यांनी तापातही मोडला नाही.

मालक गेले. त्यांच्या मुलीने लॅपटॉप घेतला. सगळं त्यातच होतं म्हणून मी कपाटावर गेलो आणि माझ्यावर उशांचे अभ्रे आले. मी रागावलो नाही, पण काळोखात जीव सारखा तळमळे.

एका दुपारी अभ्रे हटले. राक्षसाचा आवाज काढणाऱ्या आत्याच्या गळ्यात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. राक्षस आजच साठवायला हवा होता.

“तुझ्या लॅपटॉपमधून माझा आवाज मला उशिरा ऐकू येतो गं,” आत्या म्हणाली. “मी पुढे आणि राक्षस मागे. त्याचे काय गुडघे दुखतात?”

“थांब, बाबांचं धूड खाली काढते.”

धूड म्हणजे मी. मुलीने मला घाईघाईने पुसलं आणि पुसताना माझ्या पाठीवरची कळ दाबली गेली. रेकॉर्डिंगला दोन्ही आवाज पाठवायचे की नुसता संगणकाचा, हे ती कळ ठरवते. आता नुसता संगणकाचा जाणार होता; हेडफोनमध्ये मात्र दोन्ही ऐकू येणार होते.

लाल दिवा लागला. आत्या गरजली. दोघींच्या हेडफोनमध्ये राक्षस असा घुमला की मुलीच्या अंगावर काटा आला. आणि मी? राक्षस माझ्या पोटात थयथयाट करत होता, पण त्याला दाराबाहेर पडता येत नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. मी नुसता तापत राहिलो.

“झालं ना? मग निघते. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत हजर व्हायचंय,” आत्या उठली. “राक्षस तुझ्या हाती आला, आता काही होवो.”

“उद्या तुला आत नेण्याआधी ऐकवते.”

“नक्की?”

“नक्की, आत्या.”

दार लागलं. मुलीने माझी वायर काढायला हात घातला, आणि तसाच थांबवला. ती परत खाली बसली. बाबांची आठवण आली असावी. तिने रेकॉर्डिंग लावलं. ढोल वाजले, पावलं धडधडली, आणि राक्षसाच्या जागी काहीच नाही. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

तिने एकेक वायर तपासली. अखेर तिची बोटं माझ्या पाठीवर आली. कळ खटकन वर आली. माइकजवळ तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, “बाबा.” मग रेकॉर्ड झालेलं ऐकलं. खोलीभर “बाबा” घुमलं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. जुन्या वस्तूला पुसताना हात सावकाश फिरवा. आणि ज्या माणसाचा आवाज तुम्हाला हवा आहे, त्याचं ऐकून झालं असं नुसतं समजून उठू नका.

फोन करावा म्हणून तिने तो उचलला आणि खाली ठेवला. आत्या उगाच घाबरली असती. तिने मला टॉवेलमध्ये गुंडाळलं, लॅपटॉप आणि माइक पिशवीत घातले.

“राक्षसाला आज जरा हळू गरजावं लागेल,” ती मला म्हणाली. मग दिवे मालवून, मला पोटाशी धरून ती दवाखान्याच्या वाटेला लागली.