उजव्या पायाचा लेफ्ट बॅक

बाई असणार.

माझा पहिला संशय हाच. नवरा चार देश फिरतो. फुटबॉलच्या एका क्लबात एक सीझन, फार तर दीड, की निघाला. माणूस असा कशाला पळेल?

आमच्या गावाचा, मांजरसुंब्याचा, संशय वेगळा. सासऱ्यांचं, शिवलिंगप्पांचं, चौकात किराणा दुकान आहे. समोरचा टायरवाला तानाजी रोज पायरीवर येऊन बसतो.

"अप्पा, बसवेश्वरनं आजवर गोल किती केले?"

"त्यो डिफेंडर हाय. गोल करत न्हाई, होऊ देत न्हाई."

"न केल्याचा पगार देत्यात व्हय? सोनं-बिनं आणत आसंल. मला तर सांगा, मी कुणाला सांगतोय?"

अप्पा हसतात. मग घरात येऊन मला हळूच विचारतात, "शिवकन्या, बॅगेत काय काय होतं गं त्याच्या?"

मालदीव : स्टॉपर. म्हणजे मधोमध, गोलच्या पुढं.
ढाका : अर्धा सीझन स्टॉपर, पुढचा अर्धा बाकावर.
काठमांडू : लेफ्ट बॅक.
नोम पेन्ह, कंबोडिया : लेफ्ट बॅक.

हे मी फोनवर जुन्या मॅच बघून काढलं. शोधत होते बाई. ती कुठंच नव्हती. पण हे उजव्या पायाचे. दारातली चप्पलसुद्धा उजव्या पायानं सरकवतात. अन् खेळतात डाव्या कडेला?

"कावून?" मी विचारलं.

"कोचनं सांगितलं."

"दोन देशांतल्या दोन कोचांना एकच सुचलं?"

"तू आता कोच झालीस का?"

चिडले. म्हणजे काहीतरी होतं.

मैदान सोडून मी घर बघू लागले. लिंगपूजेला बसताना भिंत डावीकडे. जेवताना भिंत डावीकडे. नेकनूरच्या बसमध्ये डावी खिडकी यांची, मी उजवीकडे. आणि लेफ्ट बॅकच्या डावीकडे काय असतं? मैदानाची रेघ. रेघेपलीकडून कुणी अंगावर येत नाही.

काल दुपारी हे खाटेवर बसले होते. मी डावीकडून गेले, आवाज न करता. हात गालाजवळ नेला. हातभर अंतर. वीतभर. चार बोटं.

पापणी हलली नाही.

"ह्या डोळ्यानं दिसत न्हाई ना तुम्हाला?"

केवढे दचकले! कुणीतरी मागून पाय ओढावा तसे.

मग सांगून टाकलं. "ढाक्यात एकाचं कोपर लागलं. उत्तरेश्वर म्हणाला, डॉक्टर सांगतोय सूज हाय, उतरंल. काठमांडूला दाखवलं तवर आतला पडदा गेला होता."

उत्तरेश्वर म्हणजे यांचा एजंट. नांदूरघाटचा. दोघं पुण्यात एका खोलीत राहून खेळलेले.

"त्याला ठाऊक हाय?"

"न्हाई. कुणालाच न्हाई. क्लबला कळायच्या आत आपण निघायचं."

म्हणून चार देश. बाई नाही, सोनं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं.

"अन् उजव्याला लागलं तर?"

 दोनच दिवसांनी मंगोलियाच्या नव्या क्लबाला निघायचं होतं.

तेवढ्यात उत्तरेश्वरचाच फोन. यांनी स्पीकरवर घेतला. मी ऐकावं म्हणून की मी गप्प बसावं म्हणून, कळलं नाही.

"बश्या, लई भारी खबर! नवा कोच तुला मधी खेळवतोय. स्टॉपर!"

मधी. तिथं माणसं दोन्हीकडून येतात.

"चालंल," हे म्हणाले.

मी फोन ओढला. "चालणार न्हाई, भावजी. ह्यांना डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

तो ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं.

"ठाऊक हाय मला, वैनी," तो थंडपणे म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बोलू नका म्हंजे झालं. मेडिकलचं मी बघतो. आजवर बघितलंच की."

यांनी मान पूर्ण वळवून फोनकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं बे?"

"ढाक्याचा डॉक्टर आधी माझ्याशीच बोलला ना. लगेच ऑपरेशन म्हणत होता. तू घरी बसला असतास, मंग कुणी विचारलं असतं तुला? तुझ्याच भल्यासाठी..."

"ऑपरेशननं दिसलं असतं?"

फोनमध्ये कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला.

"तसं नक्की काय न्हाई. झालं ते झालं. तिकीट पाठवलंय, बघ."

यांनी फोन खाटेवर पालथा ठेवला. "मी जात न्हाई," म्हणाले. मला, त्याला नाही.

तो बोलतच होता. गोधडीत तोंड दाबल्यासारखा आवाज येत होता : बश्या, ऐक, बश्या. यांनी बंद करायला हात पुढं केला. मी तो धरला.

बोलू द्या त्याला. अजून काय काय निघतंय, ते मला ऐकायचं होतं.