पाचव्या शीलाआधी

मेंदू लोण्यासारखा मऊ असतो, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात तो अक्रोडासारखा टणक दिसतो, म्हणून दहावीपर्यंत मी तसंच समजून चालले होते.

सांगितलं बुलढाण्याच्या झेबा मॅडमनी. त्या व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टर. माझा मोठा भाऊ, प्रसेनजितदादा, मळणीयंत्रावरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. दुखणं थांबवायच्या कॅप्सूल सुरू झाल्या, त्या हाड जुळल्यावरही थांबल्या नाहीत. त्या अफूच्या जातीच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाबा लाजेनं दवाखान्याबाहेर कडुनिंबाखालीच बसले. आत दादासोबत मी.

मॅडमनी संगणकावर दोन मेंदू शेजारी शेजारी उघडले. "कपाळामागचा हा भाग म्हणजे ब्रेक. 'थांब' म्हणणारा. अशी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये इथला थर सरासरीनं पातळ सापडतो. भागाभागांना जोडणारे धागेही कमजोर होतात."

"यातला माझा कोणता?" दादानं विचारलं.

"तुझा नाही. एकट्याच्या फोटोत हे डोळ्यांना दिसत नाही. खूप लोकांचे मेंदू मोजून ताडून पाहिले, तेव्हा दिसलं."

कॅप्सूलमधली चिमूटभर पावडर, आणि ती माणसाच्या आत शिरून त्याचा 'थांब' झिजवते! म्हणजे 'उद्यापासून बंद' म्हणून दादा आईची शपथ घ्यायचा, तेव्हा खोटं बोलत नव्हता. शपथ ज्या जागेनं पाळायची, तीच जागा झिजली होती.

"ते परत भरतं का?" मी विचारलं.

"काहींमध्ये, काही अंशी. किती, ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. पण मेंदू गप्प बसत नाही, समता. त्याची दुरुस्ती चालूच असते."

कोणालाच ठाऊक नाही! एवढं अफाट काहीतरी आपल्या प्रत्येकाच्या कवटीत, आणि त्याचा अर्धा मुलूख अजून कोणी पाहिलेलाच नाही! मी तर खुर्चीतून उठून उभीच राहिले.

मॅडमनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. रोज घरच्या मोठ्या माणसानं आपल्या हातानं द्यायची. म्हणून बाबांना आत बोलावलं आणि त्या त्यांच्या खिशात गेल्या. बाबांनी विचारलं, "ही कशाची?" मॅडम खरं तेच बोलल्या. ही पण त्याच जातीची, पण सावकाश चालणारी, तलफ धरून ठेवणारी.

झालं! बाबा म्हणजे जानेफळच्या आमच्या बुद्धविहाराचा कारभार पाहणारे गुलाबराव. पिऊन आलेल्याला ते पायरी चढू देत नाहीत, मग तो सख्खा साळा का असेना. घरी आल्यावर गोळ्या खिशातून निघाल्याच नाहीत.

"नशेवर नशा?" बाबा म्हणाले. "रविवारी पाचवं शील घे मनापासून. मादक काही घेनार नाही म्हन. सुटते."

कॅप्सूल बंद, गोळीही नाही; शनिवारपासून दादाचं नाक गळायला लागलं. जांभयांवर जांभया, पाय एका जागी ठरेनात. रविवारी सकाळी विहाराच्या पायरीवर त्यानं माझं मनगट धरलं. "समते, आज नाही टिकत मी. इथून निघालो की मेडिकलवर जाईन, त्या कॅप्सूलसाठी."

आत सिंधूताई पंचशील सांगत होत्या, सगळे मागोमाग म्हणत होते. चार झाली. पाचव्याला दादा गप्प.

"काऊन रे, प्रसेनजित?"

"खोटं होईन, ताई. खोटं न बोलन्याचं चौथं आत्ताच घेतलं ना."

बाबांची मान खाली गेली. मग मी उभी राहिले. "बाबा, वावरात पाणी नेणारा दांड फुटला, तं तुम्ही पाण्याले शपथ घालता का?"

"बस खाली, पोरी."

"नाही बसत! काय करता ते सांगा."

"चिखल लावतो, आन काय."

"चिखलानं दांड दुरुस्त होते?"

"चिखल पानी धरून ठेवते. तवर मानसानं दांड बांधून..." बाबा मध्येच थांबले.

"गोळी तो चिखल हाये, बाबा. याच्या डोक्यातला दांड फुटला. याची नियत नाही फुटली."

मागून जानराव म्हणाले, "गुलाबराव, तुमची पोरगी तं डॉक्टरीन झाली!"

"जानराव, तुमच्या गालात काय हाये, ते थुकून या आधी," सिंधूताई म्हणाल्या.

हशा ओसरला तेव्हा बाबा उठले होते. नेहमीची पुढची जागा सोडून दादाजवळ आले. खिशातली गोळ्यांची पट्टी काढली. "जीभ वर कर."

दादानं केली. बाबांनी गोळी जिभेखाली ठेवली.

"आता म्हनता येईन ना याले?" त्यांनी मला विचारलं.

"विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही," मी म्हणाले.

सिंधूताईंनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "मंग थांबू."

आणि अख्खा विहार थांबला. लेकरं आयांच्या मांडीवर चिडीचूप. बाबा दादाच्या शेजारी खाली बसले, हात जोडून. मी दादाच्या घामेजल्या कपाळाकडे बघत होते. त्यामागे, एवढ्याशा जागेत, कोणालाच पुरतं न कळलेलं काहीतरी चाललं होतं, आणि आम्ही एवढी माणसं श्वास धरून त्याची वाट बघत होतो.

दादानं डोळे उघडले. पाचवं शील सिंधूताईंनी सांगितलंच नाही. ते दादानं सांगितलं, आणि आम्ही सगळे त्याच्यामागून म्हणालो, बाबासुद्धा.