चौथा कीबोर्ड

देवरामाला अक्षर येत नव्हतं, पण आवाज कळत होता. खोपटच्या एसटी डेपोत त्यानं अडतीस वर्षं गाड्यांखाली काढली, आणि गाडी फाटकातून आत वळली की तिचं कुठं दुखतंय ते तो हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा. म्हणून बायकोसाठी, शकूसाठी, वायरलेस कीबोर्ड घ्यायचं ठरलं आणि नात दर्शना मोबाइलवर चित्रं दाखवू लागली, तेव्हा त्यानं मान हलवली.

"चित्र बघून वस्तू कळत नाही, पोरी. हात लावल्याशिवाय मी नाही घेणार."

शकू सातवी शिकलेली, आणि पाळणे रचण्यात तिचा हात धरणारं मानपाड्यात कुणी नव्हतं. चाळीत कुणाकडेही बाळ आलं की नामकरणाला पाळणा शकूचाच. असे एकसष्ट पाळणे तिच्या डोक्यात होते, कागदावर एकही नाही. दर्शनाला मुलगा झाला आणि घरात ठरलं, की त्याच्या नामकरणाला सगळ्या पाळण्यांचं पुस्तक वाटायचं, पणतूसाठीचा बासष्टावा शेवटी घालून. हाताशी वीस दिवस. मोबाइलला बोलून सांगावं तर तो शकूचे शब्द भलतेच लिहायचा, आणि दर्शनाच्या जुन्या लॅपटॉपची बटणं इतकी कडक की दोन पाळण्यांतच तिची पेरं सुजायची. शिवाय बासष्टाव्याचं शेवटचं कडवं अडलेलं. हे पुस्तक आता झालं नाही तर पाळणे शकूबरोबरच जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

डोंबिवलीत संदेशचं दुकान. लग्नपत्रिका छापायच्या, जोडीला कॉम्प्युटरचं सामान विकायचं. पुस्तकही तोच छापणार होता. त्यानं चार कीबोर्ड काचेवर मांडले, सेल घातले, स्क्रीनवर मराठी लावून दिलं.

"काय लिहू?" देवरामानं विचारलं. "मला तर सहीसुद्धा येत नाही."

"काहीही दाबा, आबा. बटणांना कुठं कळतंय?"

देवरामानं डोळे मिटले आणि बॉनेटवर ठेवावेत तसे दोन्ही हात पहिल्यावर ठेवले. तो खुळखुळत होता, नट सैल झाल्यासारखा. दुसरा कडक, दहा वेळा दाबावा तर बटण नऊ वेळा वर यायचं. तिसऱ्याची बटणं सपाट, बोट कुठं थांबावं ते कळेना. स्क्रीनवर अक्षरांचा नुसता चिवडा झाला होता, आणि संदेश हसत होता.

चौथा अंगानं जड, मागून जरा उचललेला, समोर मनगट टेकायला जागा. बटण दाबलं की आत जायचं, आणि बोटाला हलकेच वर आणून सोडायचं. आवाज असा, की भिजलेल्या डाळीत कुणी बोटं फिरवतंय. देवराम तो घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत गेला, तिथूनही चालतो का ते पाहायला, आणि पुन्हा डोळे मिटून बराच वेळ दाबत उभा राहिला. थांबावंसं वाटेना. डोळे उघडले तेव्हा संदेश हसायचा थांबला होता.

"आबा, अक्षर येत नाही म्हणालात ना?"

"नाहीच येत."

"मग हे काय?" आणि त्यानं वाचून दाखवलं:

उजव्या अंगाला निजलं बाळ,
पायात वाळा, गळ्यात माळ.
डाव्या अंगाला सुजाता जागी,
तीही गं आईचा झोका मागी.

"तुझ्याच कुठल्या पत्रिकेतलं असेल, आधीचं राहिलेलं," देवराम म्हणाला.

"असेल," संदेश म्हणाला, आणि कागदावर ते छापून त्यानं चौथ्या कीबोर्डच्या खोक्यात घातलं.

घरी शकूनं तो कागद वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. तिचा चेहरा लग्नात होता तसा उजळला.

"अहो, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणाचं नाव?"

"दोन्ही खेपेला मी मुलीचं नाव मनात धरलं होतं. सुजाता. तुम्हालासुद्धा बोलले नव्हते. दोन्ही खेपेला मुलगे झाले, आनंदच झाला, आणि नाव तसंच राहून गेलं." ती हसली. "बरं झालं आली. माझं कडवं अडलं होतं."

त्या दिवसापासून घरात गोकुळ झालं. शकू दुपारी जेवणं आटोपली की कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायची, एका बोटानं टिपायची, गुणगुणायची, मधेच दर्शनाला "अगं, हे ऐक," म्हणून हाक मारायची. पेरं सुजली नाहीत की दुखली नाहीत. देवराम बाजूला लसूण सोलत कान देऊन बसे. शकूच्या बोटाचा एक ठोका पडायचा, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक, फार हलका, मोठ्यांचं पाहून लहान मुलानं करावा तसा. पडद्यावर मात्र अक्षर एकच उमटायचं, हे त्यानं दर्शनाला दोनदा विचारून घेतलं. गाडीत असा आवाज आला असता तर त्यानं ती डेपोबाहेर सोडलीच नसती. इथं तो लसूण सोलत राहिला, कारण आवाज बिघाडाचा नव्हता.

पुस्तक वेळेवर आलं. नामकरणाला चाळ लोटली, बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव सम्यक ठेवलं, बायकांनी पुस्तकं उघडून बासष्टावा पाळणा शकूबरोबर म्हटला, आणि पणजोबांचा मान म्हणून दोरी देवरामाच्या हातात आली. त्यानं जपून झोका दिला. झोका डाव्या अंगाला किंचित झुकत होता.

शेवटचं कडवं झालं. दर्शनानं सम्यकला उचलून घेतलं, फोटो काढून झाले, लोक जेवायला वळले. शकू तिथंच बसून होती, पाळण्याच्या डाव्या बाजूला, गुणगुणत.

"आजोबा, दोरी सोडा आता," दर्शना म्हणाली. "पाळणा रिकामा आहे."

देवरामाचा हात अडतीस वर्षांचा मुरलेला. भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं ओझं त्याला दोरीवरसुद्धा कळलं असतं. बाळ उचलल्यावर दोरी निम्मीच हलकी झाली होती.

"हळू बोल, पोरी," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा झोका दिला.