उंबरटेकचा नवा वस्ताद

उंबरटेकची माणसं कामाला आळशी नव्हती. पण माघ सरला, शेतात हात घालण्यासारखं काही उरलं नाही, की त्यांच्या जिभा सुटायच्या. विषय ठरलेला. चैत्रातली वेल्ह्याची मेंगाईची जत्रा आणि तिथला ढोल-लेझमाचा सामना. तसे पंचक्रोशीतले सगळेच खेळ उतरायचे, पण खरी झुंज दोनच गावांची, उंबरटेकची आणि खिंडीपलीकडच्या करंजमाळची. बाकीचे आपले नारळ फोडायला आणि धूळ खायला यायचे.

त्या साली मात्र दोन्ही गावांनी एकदमच वस्ताद बदलले होते. वस्ताद म्हणजे ढोल शिकवणारा. चाल त्यानं बसवायची, रिंगण त्यानं आखायचं, आणि हरलं की गावाच्या शिव्याही त्यानंच खायच्या. करंजमाळनं तीस वर्षांचा जुना रखमाजी वस्ताद काढून टाकला आणि मोठ्या लढाईत पलटणीच्या बँडात वाजवून आलेला मानसिंग आणला. आणि उंबरटेकच्या शहाण्यांनी काय करावं? करंजमाळनं टाकलेला तोच रखमाजी उचलला!

मग काय विचारता. मारुतीचा पार संध्याकाळी असा भरायचा की मारुतीलाच बसायला जागा नाही.

"त्यो मानसिंग शिट्टी फुकून शिकवतो म्हनं," आनंदराव म्हणाला. आनंदरावानं उभ्या जन्मात ढोलाला टिपरू लावलं नव्हतं, पण गावाचा खेळ आपल्याच अकलेवर चालतो अशी त्याची खात्री होती. "येक शिट्टी म्हंजी बसायचं, दोन म्हंजी उटायचं. देवीपुढं नाचायचं का सायबापुढं कवायत करायची?"

"हसू नगा," चिमाजी म्हणाला. हा म्हातारा कायम उलटं बोलायचा. सगळ्यांनी दिवस म्हटलं की हा रात म्हणणार. "पलटनीत शिस्त असती. समदे ढोल येका दमात पडले, तर तुमचं काय ऱ्हाईल? आन आपुन काय आनलंय? लोकांनी दावणीचा सोडलेला म्हातारा बैल."

"नाना, जुनं ते सोनं," आनंदराव चिमाजीला म्हणाला.

"सोनं आसतं तर करंजमाळनं टाकलं आसतं व्हय? दोन साल आपुनच हरवला त्याला, आन आता आपुनच डोक्यावर घ्यायचा! तीस वर्सं ज्या गावचं मीठ खाल्लं, त्या गावावर त्यो आपली पोरं घालंल का? काळीज तिकडंच असणार त्याचं."

"काळीज हितं हाय," आनंदराव म्हणाला. "लेक न्हाई का हितं दिलेली, गेनूच्या घरात?"

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आन गेनूच्या दुसऱ्या लग्नाचं कळलं म्हंजी? म्हातारा ढोल टाकून सरळ खिंडीला लागंल."

"मग कळू द्यायचं न्हाई," आनंदराव म्हणाला. "जत्रा हुईस्तवर कुनी तोंड उघडायचं न्हाई. मेंगाईची आन हाय समद्यांना."

आणि सगळ्यांनी आण घेतली. एरवी बांधाच्या वीतभर जमिनीवरून डोकी फोडणारं गाव, पण लबाडीला कसं एका मुठीत आलं बघा!

पाराला लागूनच गेनूचं घर. मधे एक कुडाची भिंत. भिंतीआड चुलीपुढं बसलेल्या फुलाबाईनं सगळं ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा कुठं ती भानावर आली.

ती रखमाजीची एकुलती लेक. लग्नाला दहाएक वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. सासूनं, बाळाबाईनं, भोंगवलीची मुलगी बघून वैशाखातल्या आखितीचा मुहूर्तही धरला होता. गेनू माणूस वाईट नव्हता. पण तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही, आणि असला माणूस ढकलाल तिकडं जातो. फुलाबाई एवढंच म्हणायची, की होईल तसं होऊ दे, पण माझ्या बापाला कळू नये. म्हातारपणी त्याच्या काळजाला हा घाव नको.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत रखमाजीनं अगदी कडक पाळलेली. दर दिवाळीला तो तिला न्यायला यायचा, खिंड चढून घामानं निथळत यायचा, ओट्यावर बसायचा आणि कोरड्या घशानं लेकीला घेऊन परत जायचा. माहेरी गेल्यावर ती त्याला करून घालायचीच. पण आपल्या घरी, आपल्या चुलीवरची भाकरी एकदा बापाच्या ताटात वाढावी, एवढं एक सुख तिला हवं होतं. ती तांब्या पुढं करायची आणि तो हात जोडायचा.

"नातवाच्या हातचं पिईन पोरी. मेंगाईला सांगून ठिवलंय म्या."

तिला रडू यायचं, रागही यायचा. देवीशी केलेली गोष्ट, तिथं लेकीचं काय चालणार?

फाल्गुनात रखमाजी आला. गावानं विडा-नारळ दिला, देवळाच्या ओवरीत त्याची पथारी पडली, जेवणाची पाळी घरोघर लागली. दुसऱ्या दिवशी फुलाबाई पाण्याला निघाली तेव्हा तो ओवरीच्या पायरीवर उन्हाला बसला होता.

"आबा, कशाला घेतला हो हा इडा?" ती म्हणाली. "सोताच्या गावाम्होरं उभं ऱ्हायचं, जिवाला कसं वाटंल तुमच्या?"

"वाटनार तर वाईटच," तो म्हणाला. "पर म्हनलं, म्हयनाभर तू डोळ्याम्होरं दिसशील. येरवी कोन दाखवतंय मला?"

गाव मात्र पारावर बसून वेगळंच दळत होतं. कोण म्हणे म्हाताऱ्यानं सूड घ्यायला विडा उचलला, कोण म्हणे मानसिंगानंच त्याला हेर म्हणून पाठवलाय. लेकीला बघायला बाप येईल, हे एवढ्या अकलेच्या कांद्यांत एकालाही सुचलं नाही.

तालमी सुरू झाल्या. रखमाजी शिट्टी वाजवायचा नाही, ओरडायचाही नाही. ज्याचा ठेका चुकला त्याच्यापुढं जाऊन उभा राहायचा आणि आपल्या मांडीवर हलक्या हातानं ठेका धरायचा. गेनू पुढच्या ढोलावर होता. एकदा तो चुकला आणि हसला, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं.

"जावई घरी. हितं ढोलकरी हायस तू. पुन्यांदा वाजीव."

लोक खदखदून हसले. गेनूनं मात्र मान वर केली नाही. त्या रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "तुजा बाप लई जीव लावून शिकवतोय." पुढं काही त्याला बोलता आलं नाही, आणि तिनंही त्याला सोडवलं नाही. बसू दे म्हणावं तसंच!

जेवणाची पाळी त्यांच्या घरावर आली, तेव्हा बाळाबाईनं सुपात पीठ काढलं आणि शेजारी नेऊन दिलं. "आमच्या पाळीचं तुमीच करून घाला. आमच्या व्याह्याला आमच्या घरचं चालत न्हाई, आन चालंल असा दिस बी आमच्या नशिबात न्हाई." हे शेवटचं तिनं सून ऐकेल असंच म्हटलं. फुलाबाई ऐकून घ्यायची. दहा वर्षं ऐकत आली होती. भोरच्या वैदूनंही मागं मान हलवली होती. पण तिनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

दुपारी ती तांब्याभर पाणी घेऊन ओवरीत गेलीच.

"आबा, ऊन लई हाय. आज तरी घ्या."

"आता थोडा दम काढ, फुले," रखमाजी हसून म्हणाला. "इतकी वर्सं काढली न्हवं?"

सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. ओठावर आलं होतं. पण तो त्या तांब्याकडं असा बघत होता, की तांब्या धरणारा इवला हात त्याला दिसतच असावा. ती पाणी तुळशीला घालून घरात गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. फुलाबाई बायकांबरोबर वेल्ह्याला गेली. समोरासमोर दोन्ही खेळ उभे राहिले. दोघांनी एकाच वेळी वाजवायचं, आणि ज्याचं रिंगण आधी मोडेल तो हरला. मानसिंगानं शिट्टी फुंकली आणि करंजमाळचे ढोल असे एका दमात पडले, की देवळावरची कबुतरं उडाली. चिमाजी म्हणाला, "बोललो न्हवतो म्या?" आनंदरावाचं तोंड एवढंसं झालं.

मग रखमाजीनं हात वर केला आणि उंबरटेकच्या पोरांनी चाल धरली. नवी नव्हती ती. तीस वर्षं त्यानं करंजमाळलाच शिकवलेली जुनी चाल, नुसती संथ केलेली. आणि समोरच्या पोरांचे पाय बावचळले. मानसिंग शिट्टीवर शिट्टी फुंकतोय, आणि पोरं आपलं विसरून म्हाताऱ्याच्या ठेक्यावर लेझीम टाकतायत. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते, निघायचं कसं? एक ढोल थांबला, दुसरा थांबला. करंजमाळचं रिंगण मोडलं.

उंबरटेकनं टोप्या उडवल्या. "काय वस्ताद आनलाय!" म्हणून आनंदराव नाचत होता, आणि म्हातारा बैल म्हणणारा चिमाजीच रखमाजीला खांद्यावर घ्यायला सगळ्यात पुढं. रखमाजी मात्र तोंड फिरवून उभा होता. करंजमाळचा एक जुना ढोलकरी येऊन त्याच्या पायाशी थुंकला आणि गेला. फुलाबाईनं ते लांबून बघितलं. धावत जावंसं तिला वाटलं, पण मधे एवढे पुरुष.

बायका गाडीनं पुढं आल्या. खेळ मागून वाजत-गाजत, पीत-पाजत आला तो दिवस कलताना. पारावर गाव गोळा झालं. जिंकलेल्या वस्तादानं तोंडानं मागायचं आणि गावानं द्यायचं, अशी उंबरटेकची पद्धत होती. फेटा मागंल, चांदीचं कडं मागंल, दुभती शेळी मागंल, लोकांचे आधीच वाद सुरू झाले होते.

"काय पायजे, वस्ताद?"

"मला गेनूच्या घरी जेवायचंय," रखमाजी म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच चिमाजीला उलटं बोलायला काही सापडलं नाही. बाळाबाई नाही म्हणायला पुढं झाली, पण गावानं दिलेला शब्द तिला मोडता येणार नव्हता.

फुलाबाईला तर खरंच वाटेना. ती पळतच घरात गेली. चूल पेटवली, तांदळाचं पीठ मळलं, वालाचं कालवण टाकलं. हात नुसते चालत होते. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि ती एकटीच हसत होती. आपल्याला बघून आबांचा जीव इरघळला, देवीनंच त्यांना बुद्धी दिली, असं तिला वाटत होतं.

रखमाजी आत आला. दहा वर्षांत पहिल्यांदाच तो त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत होता. पाटावर बसला. गेनू दाराशी उभा होता, तो मान खाली घालून बाहेर निघून गेला. फुलाबाईनं टम्म फुगलेली भाकरी ताटात वाढली, वर तूप सोडलं. त्यानं घास मोडला आणि खाल्ला.

"कशी झालीया?"

"ब्येस झालीया. तुज्या आईवानी."

ती जवळ बसली. आनंदानं तिला थट्टा सुचली. "मग? नातवाच्या हातचं पिनार हुता न्हवं? आज कसं काय जमलं?"

रखमाजीनं तिच्याकडं बघितलं नाही. तो भाकरी मोडत राहिला.

"आनंदराव सांगत हुता वाटंत," तो म्हणाला. "भोंगवलीची हाय म्हनं पोर."

फुलाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

"लई पिला हुता बिचारा. गळ्यात पडला माज्या. म्हनला, वस्ताद, फुडच्या साली बी तुमीच. आखितीपातुर ऱ्हावा, गेनूच्या लग्नाचं जेवून जावा." त्यानं तुकडा कालवणात बुडवला. "समद्या गावाला ठावं हुतं, व्हय गं?"

"आबा..."

"वाढ अजून येक."

तिनं वाढली. त्यानं तीही खाल्ली, ताट स्वच्छ पुसून खाल्ली. ती तोंडाला पदर लावून रडत होती. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, पण उगी म्हणाला नाही.

"तसाच वाटंतनं माघारी फिरून देवीकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "मागितलेलं मागं घेतलं. म्हनलं, बाई, तुला बी लई वर्सं आडवून धरली म्या." मग त्यानं हात पुढं केला. "आन पानी."

तिनं तांब्या दिला. तांब्या वर धरून तो घटाघटा पाणी प्यायला, थेंबही ठेवला नाही.

सासू दहा वर्षं म्हणत होती, गाव म्हणत होतं, भोरच्या वैदूनं सांगितलं होतं, तरी फुलाबाईला ते कधी पटलं नव्हतं. बापाच्या गळ्याची घाटी पाण्याबरोबर खालीवर होताना तिनं बघितली आणि तिला पहिल्यांदा कळलं, की आपल्याला आता मूल होणार नाही.