दोघींचा सूर

माझी बायको नलू दर शनिवारी दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये गायला जायची आणि मी मागच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण फणसवाडीतून तिला सोबत म्हणून जायचो. त्या गायकवृंदात माटुंग्याच्या तमिळ मामी, पारशी कॉलनीतले दोघे भाऊ, लालबागची मालवणी रुपाली, भायखळ्याची आयव्ही डिसोझा, असं सगळं कडबोळं होतं. एरवी ही माणसं एकमेकांच्या वाटेला गेली नसती. तिथे मात्र कोकणी, गुजराती, लॅटिन, समोर येईल ते एका गळ्यानं गायची. घरात नलूचा आवाज कधी चढला नाही. मी चढू दिला नाही म्हणा. तिथे ती ताठ मानेनं गायची आणि खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा.

गाणी बसवणाऱ्या अभयचा एक नियम होता. लांब सूर धरताना शेजारच्या दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीनं घेतला की दुसरीनं सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो सलग वाटतो. नलूची शेजारीण आयव्ही. एकमेकींच्या भरवशावर दोघी वर्षानुवर्षं गायल्या.

गेल्या गणपतीनंतर नलूच्या लक्षात आलं की आयव्ही भलत्याच ठिकाणी श्वास घेतेय, सूर अर्ध्यावर सोडतेय. नलूनं विचारलं, तर आयव्हीनं तिचा हात घट्ट धरला.

"अभयला बोलू नको हां, नलू. तो मला खाली बसवेल. घरात मी नुसती म्हातारी आहे गं. इथे तरी गाऊ दे."

नलूनं शब्द दिला. मग आमच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या जोडीला, दम लांबवायचा सराव सुरू झाला. या वयात पाणबुडी व्हायचा विचार आहे का, असं मी विचारलं. ती हसली नाही. आपण मैत्रिणीचं काहीतरी राखतोय, याचा तिला अभिमान होता, आणि मलाही ते मोठं गोड वाटलं.

डिसेंबरच्या कार्यक्रमात शेवटचा लांब सूर फक्त या दोघींचा होता. आयव्हीनं तो मध्येच सोडला आणि नुसतं तोंड उघडं ठेवून उभी राहिली. नलूनं एकटीनं शेवटपर्यंत नेला. कोणाला पत्ता लागला नाही. नाताळासाठी दुबईहून आलेला आयव्हीचा मुलगा ग्लेन माझ्या शेजारी बसला होता. तो उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा मीही उठलो. नंतर तो मुद्दाम येऊन नलूला थँक यू म्हणून गेला.

फेब्रुवारीत आयव्ही गेली. हृदय बरेच महिने दुबळं होत आलं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आम्ही तिच्या घरी गेलो ते तेव्हाच, पहिल्यांदा. लिफ्ट नाही, उभा लाकडी जिना, घर तिसऱ्या मजल्यावर. नलू मध्येच कठडा धरून थांबली. "अहो, ही रोज हा जिना चढायची?" तिनं विचारलं. कधीतरी चहाला जरी आलो असतो, तरी आमचे डोळे उघडले असते.

ग्लेन आमच्याशी बराच वेळ बोलला. नाताळात मम्मीला जिन्यात धाप लागलेली बघून त्यानं मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली होती. ती म्हणाली होती, आधी माझं गाणं ऐक, मग ठरव.

"तो सूर ऐकला आणि मी अपॉइंटमेंट कॅन्सल केली, आंटी. एवढा दम आहे, हिला काय होणार? मी तिला जबरदस्तीनं न्यायला पाहिजे होतं." एवढं बोलून तो रडायला लागला.

मी नलूचा हात दाबला. झालं ते झालं, आता गप्प राहा, असं मला सुचवायचं होतं. तिनं हात सोडवून घेतला.

"ग्लेन, तो सूर तिचा नव्हता. तिनं अर्ध्यावर सोडला, पुढचा माझा होता. तिला दम पुरत नाही, हे मला गणपतीपासून माहीत होतं. तू स्वतःला दोष देऊ नकोस."

त्यानं डोळे पुसले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "मग आंटी, त्या दिवशी मी तुम्हाला थँक यू बोलायला आलो, तेव्हा का नाही सांगितलं?"



"मला वाटलं," नलू म्हणाली, "मी तिला सांभाळतेय."