लॉरीचा उलाळ

शिवशरणनं लांबचं दिसावं म्हणून लॉरीचे दोन्ही दिवे वर तोंड करून बसवले होते. त्याला बाभळीचे शेंडे झकास दिसायचे. समोरच्या बैलांना मात्र काहीच दिसायचं न्हाय. मंगळवारी ढोकीच्या रस्त्यावर बलभीमची गाडी बैलांसकट चारीत गेली, अन् बलभीम तडक पोलीस ठाण्यावर अमीनसाहेबाकडं.

अमीननं शिवशरणला बोलावून घेतलं अन् म्हणाला, "परसों शाम को माल भरके आ. सामने से इसकी गाडी आयेगी. बैल बिदके, तो लॉरी जप्त. दिवे बुझाके आया, तो भी जप्त."

लॉरी गेली की शिवशरणला परत अडत्याकडं पाठीवर पोती वाहायची पाळी.

दुसऱ्या दिवशी त्यानं दिव्यांच्या काचा काढल्या. आतल्या उजेड फेकणाऱ्या, चांदीच्या मुलाम्याच्या वाट्या काळ्या पडल्या होत्या. फडक्यावर चिमूटभर विभूती घेऊन तो हलक्या हातानं घासाय लागला.

"अहो, कपाळाची विभूती मोटारीला?" बायको नागम्मा ओरडली.

"चांदीचा देव कशानं घासतीस गं? ही बी चांदीच!"

वाट्या लखलखल्या. दिवेलागणीला त्यानं लॉरी भिंतीसमोर पंधरा हातांवर लावली. दिव्यांच्या उंचीला कोळशानं रेघ ओढली, उजेड रेघेच्या चार बोटं खाली आणला. उजवा दिवा जरा डावीकडं, रस्त्याच्या कडेला वळवला, म्हंजे समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको.

"झालं!" तो पाना पुसत म्हणाला.

"काय झालं डोंबल!" नागम्मा म्हणाली. "मागं वझं पडलं की बैलगाडी उलाळ होती, जू आभाळाला लागतं. तुमची लॉरी काय बसून ऱ्हाती व्हय?"

शिवशरणनं लॉरीच्या रिकाम्या पाठीकडं बघितलं. रिकाम्या लॉरीवर दिवे बसवले होते, उद्या चाळीस पोती शेंगा चढल्या की मागची बाजू बसणार, तोंड वर, अन् उजेड परत बैलांच्या डोळ्यांत. शेंगा तर उद्या ऐन वेळेला मिळणार. आत्ता वजन आणायचं कुठनं?

तो चौकात गेला अन् बोंबलला, "ढोकीपर्यंत फुकट! चढा लौकर!"

तीसेक माणसं चढली. लॉरी मागं बसली, उजेड रेघेच्या वर सरकला. शिवशरण खाली बसून दिवे उतरवाय लागला.

"हलवा की आता!" वरनं हाका आल्या.

"हलू नका! इंजिन तापतंय!"

इंजिन चालूच नव्हतं. उजेड परत चार बोटं खाली बसला तसं त्यानं बोल्ट आवळले अन् म्हणाला, "उतरा मंडळी. आज जात न्हाय." पुढं ज्या शिव्या बसल्या त्यातल्या निम्म्या कानडी होत्या, तेवढ्या कानडी माहेरच्या नागम्मालाच कळल्या.

गुरुवारी सांजेला लॉरी शेंगा भरून निघाली. अमीन शिवशरणच्या शेजारी बसला. उजेड जमिनीला धरून लांबवर गेला. दीडशे पावलांवरचा फरलांगाचा दगड अमीनला स्वच्छ दिसला. समोरनं बलभीमची गाडी आली. बैल मान खाली घालून, रवंथ करत शेजारनं निघून गेले.

"रोको!" अमीन उतरून बलभीमला म्हणाला, "बोल, कुछ शिकायत?"

बलभीमनं बैलांकडं बघितलं, लॉरीकडं बघितलं. "दिव्यांची न्हाय, साहेब. पण ह्याचा भोंगा लई वंगाळ हाय."

अमीन लॉरीत परत चढत म्हणाला, "भोंगे का अलग अर्ज दे. चल रे, ढोकी."