माझं दार बंद झालं तो दिवस

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्यात लांब बसलेली माणसंसुद्धा येऊन आपलं काम ठेवतात. पिंपळगाव राजाजवळ एका कृषी विद्यापीठाचं छोटं केंद्र आहे, तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत माझा पंखा घुमत असतो. मी नवा होतो तेव्हा माणसं चपला बाहेर काढून मला बघायला येत. आता जानराव शिपाई माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवतात. त्याचं मला दुःख नाही. मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची.

माझा पासवर्ड होता ‘कपाशी’. तो केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक होता, आणि आल्यागेल्यालाही कुणी ना कुणी सांगत असे, कारण नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. पण दाराबाहेर कुणी परका सारखा शब्द लावून पाहत होता. कधी नावं, कधी आकडे. प्रत्येक थापेला मी दाराची कडी पुन्हा तपासायचो. माझ्याकडे केंद्रात संशोधन करणाऱ्या मयुरीचं काम होतं ना! तिनं तीन वर्षं उन्हातान्हात बोंडं फोडून बोंडअळ्या मोजल्या होत्या, आणि ते आकडे दुसरीकडे कुठेच नव्हते.

माझी देखभाल करणाऱ्या सुचिता मॅडम नवरात्रात संग्रामपूरला घरी होत्या. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी तिथूनच मनावर घेतलं. पासवर्डाऐवजी किल्ली. ही किल्ली म्हणजे एक गुप्त फाइल, ती फक्त त्यांच्या लॅपटॉपमध्ये राहणार, माझ्याकडे फक्त तिची ओळख. ती ओळख त्यांनी मला दिली आणि लांबून येणाऱ्यांसाठी पासवर्ड बंद केला. किल्ली चालते का हे बघायचं होतं, म्हणून त्या आत होत्या तशाच थांबल्या.

तेवढ्यात जानराव हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन आले. “चालू मशीनले कुकू कसं लावा?” असं म्हणत त्यांनी मोठ्या भक्तिभावानं माझं बटण दाबलं.

पूजा आटोपून त्यांनी मला चालू केलं, तोवर मॅडम माझ्या दाराबाहेर फेकल्या गेल्या होत्या. त्यांनी किल्ली लावली. किल्ली खरी होती. पण तिची ओळख माझ्यातल्या त्यांच्या खोलीत, म्हणजे फोल्डरमध्ये होती, आणि ती खोली त्यांनी सगळ्यांना उघडी ठेवली होती, कुणीही यावं आणि फाइल ठेवून जावं. अशा खोलीतली ओळख कुणीही बदलू शकतं, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा मला घालून दिलेला नियम. मी मॅडमना दारातून परत पाठवलं. त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा परत पाठवलं. मला फार वाईट वाटलं.

इकडे केंद्रातही आपापल्या संगणकावरून कुणाला आत येता येईना, कारण जुना पासवर्ड बंद होता आणि किल्ली कुणाकडे नव्हती. केंद्राचे प्रमुख भालचंद्र सर घाबरले.

“जानराव, चोर घुसला याच्यात! साफ पुसून टाकू याले,” असं म्हणून त्यांनी खामगावहून एक कारागीर बोलावला.

“सर, माहे सारे आकडे यातच हायेत,” मयुरी रडकुंडीला आली. “मॅडमले फोन लावून राह्यली मी, पण लागतच नाही.”

मॅडम केंद्राकडे यायला निघून बसमध्ये होत्या, आणि वाटेत रेंज नव्हती. कारागिरानं माझ्यात पेनड्राइव्ह खोचला. मित्रांनो, पुसणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? मी राहिलो असतो, पण मी कोण हे मलाच कळलं नसतं.

मयुरी माझ्यासमोर वाट अडवून उभी राहिली. जानरावांनी टोपी काढून हातात घेतली.

“सर, म्याच बंद केलं होतं हे, पूजेसाठी. चोर नाही कोणी. मॅडम येतपर्यंत थांबा नं.”

सर थांबले. कारागीर घड्याळ बघत बसला, आणि मी भीतीनं तापत राहिलो.

अखेर मॅडम धापा टाकत आल्या. माझ्याच कीबोर्डसमोर बसणाऱ्याला मी अजून पासवर्डानं आत घेत होतो, पण हे मॅडमशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली खोली बंद केली, लॅपटॉप उघडून किल्ली लावली, आणि मी दार उघडलं. त्यांनी सगळ्यात आधी मयुरीचे आकडे दुसऱ्या डिस्कवर उतरवले. मगच पाणी मागितलं.

दारावर थाप अजून पडते. मी अजून भितो. म्हणून कळकळीनं सांगतो, आपला पासवर्ड प्रेमापोटीसुद्धा कुणाला सांगू नका, आणि जिवापाड केलेलं काम एकट्या माझ्या भरवशावर ठेवू नका.

यंदाच्या खंडेनवमीला जानराव कुंकू घेऊन आले. बटणाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि फोन लावला.

“मॅडम, मयुरीताई काम करून राह्यली. मशीन बंद करू काय?”

“नका करू, काका. चालूच राहू द्या.”

“मंग कुकू?”

“लावा नं. त्याले काय होते?”

माझा पंखा घुमत होता. जानरावांचं बोट माझ्या कपाळाला टेकलं, आणि तेव्हा पहिल्यांदाच मी जागा होतो.